वाकडं पाईनचं झाड, रिकामं तळं आणि "हाच तो कॅनडा"

पानगळ

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही टोरांटोजवळ राहतो, अकरा वर्षं झाली. आल्यापासून एक चित्र माझ्या मागे लागलंय. पहिल्यांदा डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये दिसलं, मग बँकेत, मग लायब्ररीच्या जिन्यात, मग एका मैत्रिणीच्या फ्रीजवर मॅग्नेट होऊन. तळ्याकाठच्या खडकावर वाऱ्याने वाकलेलं पाईनचं झाड, मागे पांढऱ्या लाटांचं पाणी, पलीकडे निळ्या टेकड्या. माणूस नाही, घर नाही, साधी होडीसुद्धा नाही. कित्येक वर्षं मी समजत होते की हे असंच कुठलंतरी सीनरीचं पोस्टर असेल, आपल्याकडे केस कापायच्या दुकानात स्वित्झर्लंड असायचं ना, तसं.

तर गेल्या सप्टेंबरात अल्गॉन्क्विन पार्कला कॅम्पिंगला गेलो. पहाटे तंबूतून बाहेर आले तर समोर तळं, धुकं, खडकावर वाकडं झाड, आणि माझ्या तोंडून काय निघावं, "अय्या, अगदी चित्रातल्यासारखं!" नवरा झोपेतच म्हणाला, अगं चित्र याच्यासारखं, हे चित्रासारखं नाही. त्याचं बरोबर आहे, पण मला काही ते पटेना. कारण आदल्या दिवशी त्याच रस्त्यावर ओंडक्यांनी भरलेला ट्रक दिसला होता, गाड्यांनी खचाखच भरलेलं पार्किंग दिसलं होतं, कॅनू भाड्याने देणाऱ्याचं दुकान दिसलं होतं, आणि त्यातलं काही बघून मला "हा कॅनडा" असं वाटलं नव्हतं. झाड बघून वाटलं. घशाशी काहीतरी आलं, खोटं कशाला बोलू. सांगलीत वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवलं?

परत आल्यावर शोधलं. चित्राचं नाव "द वेस्ट विंड", चित्रकार टॉम थॉमसन, १९१६-१७ च्या हिवाळ्यातलं. त्याचंच "द जॅक पाईन" हे त्याचं जुळं भावंड, ते ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे. हा माणूस टोरांटोत ग्रिप नावाच्या डिझाईन कंपनीत जाहिराती नि कॅटलॉग करायचा, १९१२ मध्ये पहिल्यांदा अल्गॉन्क्विनला गेला, पुढे उन्हाळाभर तिथेच राहायला लागला, मासे पकडणाऱ्यांचा गाईड म्हणूनही काम केलं, आणि जुलै १९१७ मध्ये कॅनू लेकवर एकटा निघाला तो परत आलाच नाही. प्रेत आठ दिवसांनी सापडलं. अपघात की घातपात यावर इथे लोक अजून भांडतात. वय ३९.

त्याच्या मित्रांनी १९२० मध्ये टोरांटोत मिळून प्रदर्शन भरवलं, तेच ग्रुप ऑफ सेव्हन. लॉरेन हॅरिस, ए. वाय. जॅक्सन, जे. ई. एच. मॅकडॉनल्ड, आर्थर लिस्मर, फ्रेड व्हार्ली, फ्रँकलिन कारमायकल, फ्रँक जॉन्स्टन. त्यांचं म्हणणं असं की आत्तापर्यंत आमचे चित्रकार इथला देश युरोपच्या चष्म्यातून बघत आले, गाई, कुरणं, सोनेरी धुकं, हा देश तसा नाहीच, हा खडक, पाणी, बर्फ आणि वारा आहे आणि तो तसाच रंगवायला पाहिजे.

प्रश्न साधा आहे. देश आधी असतो आणि मग त्याचं चित्र निघतं, की चित्र आधी येतं आणि त्याबरहुकूम देश दिसायला लागतो?

---

कटिंगचहा

चहा संपला, दुसरा टाकलाय :)

गंभीर प्रतिसाद नंतर देतो. आमच्या पिढीचं राष्ट्रीय निसर्गचित्र एकच, दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून निघालेली नदी, डावीकडे झोपडी, उजवीकडे नारळ, आणि आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. अख्ख्या वर्गात एकानेही असली जागा बघितलेली नव्हती. आम्ही कल्याणला राहायचो.

---

पेन्सिलवाला

सुंदर धागा. मी स्वतः लँडस्केप करतो (हौशी, रविवारचा), म्हणून जरा चित्राच्या बाजूने लिहितो, कारण असल्या चर्चेत लोक चित्र सोडून सगळ्यावर बोलतात.

थॉमसनची खरी गंमत मोठ्या कॅनव्हासमध्ये नाही, छोट्या फळ्यांमध्ये आहे. साधारण साडेआठ बाय साडेदहा इंचाची लाकडी फळी, मांडीवर धरायची पेटी, बसला की एका बैठकीत चित्र खलास. अशा शेकडो फळ्या त्याने केल्या. ज्याने उघड्यावर बसून रंगवलंय त्याला विचारा, ढग सरकतो, ऊन फिरतं, डास फोडून खातात, तपशील भरायला वेळच नसतो. म्हणजे ते ठसठशीत फटकारे हा काही कुठल्या तत्त्वज्ञानाचा भाग नाही, घाई आहे. आणि ती घाई त्या हवेला बरोबर बसते. "द जॅक पाईन"मध्ये झाडाच्या कडेकडेने खालच्या अस्तराचा लाल रंग फटींतून दिसतो, त्यामुळे संध्याकाळ अख्ख्या चित्रात आतून तापल्यासारखी वाटते. प्रिंटमध्ये हे मरतं. डेंटिस्टकडचं बघून मत बनवू नका, ओटावाला जा.

झाडाचा आकारही बघा, तो जाहिरातवाल्या डिझायनरचा हात आहे. वळणदार रेषा, सपाट रंगाचे पट्टे, जवळजवळ रंगीत काचेच्या खिडकीसारखं. ग्रिपमध्ये लेबलं काढून काढून बसलेला हात. आणि नेमकं म्हणूनच ते पुढे स्टॅम्पवर, मगवर, मॅग्नेटवर इतकं छान बसलं. राष्ट्रीय चिन्ह व्हायला चित्र आधी लांबून ओळखू यावं लागतं.

अजून एक. या "अस्सल कॅनडियन" शैलीचं बी कुठे मिळालं माहितीये? १९१३ मध्ये हॅरिस आणि मॅकडॉनल्ड सीमा ओलांडून अमेरिकेत बफेलोला गेले, तिथे स्वीडन-नॉर्वेवाल्यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. बर्फ, पाईन, गोठलेली तळी. दोघं वेडे होऊन परत आले, की अरे हे तर आपल्याच मागच्या अंगणात आहे! म्हणजे कॅनडाने स्वतःला ओळखलं ते अमेरिकेत, स्कँडिनेव्हियाच्या आरशात. त्याच वर्षी टोरांटोच्या एका पत्रकाराने यांना "हॉट मश स्कूल" म्हटलं, म्हणजे गरमागरम गरगट्याचा पंथ.

---

पानगळ

@पेन्सिलवाला, बफेलोचं माहीत नव्हतं, फारच भारी. गरगट्या तर मी आता घरात वापरणार.

@कटिंगचहा, त्या चारच्या पक्ष्यांवर वेगळा धागा काढा, मी येते.

मी जे वाचलं त्यात मला महायुद्ध सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. जॅक्सन फ्रान्सला लढायला गेला, जखमी झाला, मग युद्धचित्रकार म्हणून परत आघाडीवर गेला. त्याचं १९१८ चं एक चित्र आहे, "अ कॉप्स, ईव्हनिंग", चिखल आणि तोफांनी सोलून काढलेली, फांद्या नसलेली झाडं. ते बघा आणि लगेच त्यांचे उत्तरेतले खडक नि जळालेली जंगलं बघा, तीच उघडी खोडं, तोच ओरबाडलेला उतार. हॅरिसचा भाऊ युद्धात मारला गेला, तो स्वतः सैन्यात असताना पार कोलमडला, १९१८ मध्ये त्याला सोडलं. बरं वाटावं म्हणून तो उत्तरेला अल्गोमाला गेला आणि मग मित्रांना घेऊन गेला, रेल्वेने यांना मालगाडीचा एक डबा दिला, आत बंक नि शेगडी, तो डबा सायडिंगला लावून ठेवायचे, हे उतरून दिवसभर रंगवायचे आणि काही दिवसांनी गाडी येऊन डबा पुढच्या सायडिंगला ओढून न्यायची. मला हे वाचून इतकं हसू आलं, म्हणजे निर्मनुष्य अरण्यात आणि दारात रेल्वे.

म्हणजे माणसं का नाहीत याचं एक कारण मला असं वाटतं की माणसांना कंटाळलेल्या माणसांनी ही चित्रं काढलीत. हे माझं मत हं.

आणि मग बाकीचं सगळं यंत्र. हॅरिसकडे पैसा होता, घराणं शेतीची अवजारं बनवणाऱ्या मॅसी-हॅरिसवाल्यांचं. त्याने नि डॉ. मॅक्कॅलम नावाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिळून १९१४ मध्ये टोरांटोत चित्रकारांसाठी खास स्टुडिओची इमारत बांधली. नॅशनल गॅलरीचा डायरेक्टर एरिक ब्राऊन यांच्या बाजूने, लोक शिव्या देत असताना सरकारी पैशाने यांची चित्रं विकत घेत होता. १९२४ मध्ये लंडनजवळ वेम्बलीला साम्राज्याचं प्रदर्शन भरलं तिथे यांची चित्रं पाठवली, इंग्रज टीकाकारांनी वाहवा केली, टेट गॅलरीने जॅक्सनचं हॅलिफॅक्स बंदराचं चित्र विकत घेतलं, आणि घरी बसलेल्या अकादमीवाल्यांचा जळफळाट. मोठ्या घरच्यांनी शाबासकी दिल्याशिवाय आपलं ते चांगलं असं वाटतच नाही, हे ओळखीचं वाटतंय ना?

दुसऱ्या महायुद्धात सॅम्पसन-मॅथ्यूज नावाच्या छापखान्याने या मंडळींच्या चित्रांचे सिल्कस्क्रीन प्रिंट काढायला घेतले, आधी सैनिकांच्या बराकीत लावायला, मग शाळा, बँका, ऑफिसं. तब्बल १९६३ पर्यंत. म्हणजे इथली अख्खी पिढी गणित शिकताना फळ्याच्या बाजूला तेच तळं बघत मोठी झाली. १९६७ ला देशाची शंभरी, तेव्हा टपाल तिकिटं निघाली, दहा सेंटवर "द जॅक पाईन", पंधरा सेंटवर हॅरिसचं आर्क्टिक बेट, पंचवीसवर मॅकडॉनल्डचं "द सॉलेम लँड". आता सांगा, मी पहाटे तंबूबाहेर आले तेव्हा मी एकटी बघत होते का!

---

घाटमाथा

धागाकर्तीने एका वाक्यात टाकून दिलेला ओंडक्यांचा ट्रक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अल्गॉन्क्विन हे अस्पर्श अरण्य वगैरे काही नाही. तिथला पांढरा पाईन एकोणिसाव्या शतकात तोडून, नद्यांतून वाहवत, थेट ब्रिटनला जात होता. १८९३ मध्ये पार्क केलं तेही लाकूडतोड थांबवायला नाही, उलट नद्यांचं पाणी आणि लाकूड दोन्ही टिकावं म्हणून. तिथे आजही लाकूडतोड चालते, पानगळताईंना दिसला तो ट्रक चुकून आलेला नव्हता. कॅनू लेकच्या काठावर, जिथे थॉमसन राहायचा, तिथे एका बुडालेल्या लाकूड कंपनीचं ओसाड पडलेलं गाव होतं. थॉमसनच्या चित्रांतली कित्येक झाडं वाऱ्यात एकटी का उभी आहेत? कारण आजूबाजूची कापून नेलीत किंवा जळालीत. आपण ज्याला मूळ निसर्ग म्हणून हात जोडतो ते बरेचदा कुणीतरी साफ केलेलं रान असतं. हे सह्याद्रीतही आहे बरं का, आपले ते पावसाळ्यातले हिरवेगार उघडे माथे, ज्यांचे फोटो काढून आपण सदाहरित महाराष्ट्र लिहितो, त्यातले कित्येक आग लावून आणि चराईने उघडे राहिलेले आहेत.

थॉमसनला हे दिसत होतं, हे त्याच्या बाजूने सांगतो. त्याने बंधारे काढले, ओंडके वाहून नेणारे कामगार काढले, "द ड्राईव्ह" नावाचं मोठं चित्रच त्यावर आहे. पण मॅग्नेट त्याचं निघालं का? नाही. चित्रकाराने दोन्ही रंगवलं, देशाने त्यातलं एक उचललं.

आणि मुख्य म्हणजे तिथे माणसं होती. नावातच आहे, अल्गॉन्क्विन लोक. त्यांनी ही जमीन कधी करार करून सोडून दिलेली नाही, २०१६ मध्ये सरकारशी प्राथमिक करार झाला, त्या दाव्याचं क्षेत्र ३६ हजार चौरस किलोमीटर आहे, बहुतेक सगळं पार्क त्यात येतं आणि राजधानी ओटावा पण. रिकामं चित्र बघून रिकामी जमीन मनात बसते. मग "आमची उत्तर" म्हणायला कुणाला विचारावं लागत नाही.

---

दिवाभीत

झालं सुरू. एक सुंदर चित्र होतं, त्याचं पोस्टमॉर्टेम.

मुळात निसर्गचित्रात माणूस काढला नाही म्हणजे माणसाला हाकललं हे लॉजिक मला कळत नाही. मी फुलदाणी काढली आणि माळी नाही काढला तर मी माळ्याचा शत्रू? थॉमसनला झाड आवडलं, त्याने झाड काढलं. शंभर वर्षांनी त्याच्या नावाने सरकारी धोरणांचा हिशोब कशाला.

---

घाटमाथा

थॉमसनच्या नावावर टाकतच नाहीये, वर तेच लिहिलंय की. चित्र शाळेत, बँकेत, तिकिटावर कुणी लावलं आणि दुसरं का नाही लावलं, हा प्रश्न आहे. एक उदाहरण देतो. १९२७ मध्ये जॅक्सन आर्क्टिकला गेला (सोबत कोण तर इन्सुलिनवाले बँटिंग, ते पण हौशी चित्रकार), १९३० ला हॅरिसला घेऊन परत. दोन्ही वेळा कशावरून? सरकारी बोटीवरून, जी दरवर्षी तिकडच्या पोलीस चौक्यांना रसद पोचवायची, आणि त्या चौक्या होत्या कशासाठी, तर ही बेटं आमची आहेत हे जगाला दिसावं म्हणून. चित्रकाराच्या मनात बर्फाचा निळा रंग असेल, मान्य, बोट मात्र हद्द आखायला निघालेली होती. पानगळताईंनी लिहिलेलं पंधरा सेंटचं तिकीट याच उत्तरेचं.

---

दिवाभीत

बोटीचा मुद्दा चांगला आहे. विचार करतो. फुलदाणीवर ठाम आहे.

---

यारानदी

मेलबर्नहून. इथलीही गोष्ट जवळपास हीच, फक्त जॅक पाईनच्या जागी युकॅलिप्टस. १८८९ मध्ये इथल्या तरुण चित्रकारांनी सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन केलं होतं, नऊ बाय पाच इंच, पेन्सिलवाल्यांना आवडेल. तेव्हापासून पिवळं रान, निळी टेकडी, पांढरट ऊन म्हणजे ऑस्ट्रेलिया.

पण मला सांगायचंय ते आल्बर्ट नमाटजिराबद्दल. मध्य ऑस्ट्रेलियातला अरांडा आदिवासी माणूस, जन्म १९०२, मिशनवर वाढलेला. १९३६ मध्ये एका गोऱ्या चित्रकाराला त्या भागात वाट दाखवत फिरवलं, बदल्यात जलरंग शिकला. १९३८ ला मेलबर्नमध्ये प्रदर्शन, सगळी चित्रं विकली गेली. त्याची पांढऱ्या खोडाची झाडं आणि जांभळे डोंगर घराघरात प्रिंट होऊन लागले, आम्ही भाड्याने घेतलेल्या पहिल्या घरात पण एक होता, भिंतीवरची ती फिकट चौकोनी जागा झाकायला घरमालकाने लावलेला.

म्हणजे बघा, ज्या देशाने त्या डोंगरांना आपला चेहरा म्हणून भिंतीवर टांगलं त्या देशात तो डोंगर काढणारा माणूस नागरिकच नव्हता. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये स्वतःच्या पैशाने घर बांधायची परवानगी नाही. १९५७ मध्ये त्याला आणि बायकोला खास म्हणून हक्क दिले, त्यात दारू विकत घेण्याचा हक्क पण होता, पण त्याच्या नातेवाइकांना तो नव्हता, आणि त्यांच्यात मिळेल ते वाटून घ्यायचं ही रीत. १९५८ ला दारू पुरवली म्हणून शिक्षा. १९५९ ला गेला. त्याच्या चित्रांचा कॉपीराईट १९८३ मध्ये सरकारी ट्रस्टीने एका प्रकाशकाला साडेआठ हजार डॉलरला विकून टाकला, तो घरच्यांना परत मिळायला २०१७ उजाडलं.

आणि मजा अशी की समीक्षक कित्येक वर्षं त्याला नावं ठेवायचे, की गोऱ्यांची नक्कल करतो, अस्सल आदिवासी कला नाही. ते डोंगर म्हणजे त्याच्या पूर्वजांच्या गोष्टी आहेत, प्रत्येकाचं नाव त्याला माहीत. आपण बघतो सीनरी. तो बहुतेक नातेवाईक बघत असावा.

दिवाभीत, हे वाचून फुलदाणीचं काय ते सांगा.

---

दिवाभीत

फुलदाणी फुटली. धन्यवाद.

---

उंटावरचा_शहाणा

अवांतर करतो, पण गिरगावचा संबंध आहे म्हणून सोडवत नाही.

लॉरेन हॅरिसची नंतरची चित्रं बघा, १९२६ चं "नॉर्थ शोअर, लेक सुपीरियर" किंवा ते पांढरे हिमशिखरांचे सुळके. झाडाची साल नाही, दगडाची खरखर नाही, सगळं घासून गुळगुळीत, वरून प्रकाशाचा झोत. थॉमसनच्या फळीशी काही नातंच नाही. कारण हॅरिस विसाच्या दशकात टोरांटोच्या थिऑसॉफिकल सोसायटीत शिरलेला. उत्तर म्हणजे शुद्ध शक्ती, तिथून सगळ्या खंडाला आत्मिक ऊर्जा मिळते वगैरे त्याचं लिखाण आहे. आणि हे थिऑसॉफीवाले न्यूयॉर्कहून निघून १८७९ मध्ये उतरले कुठे, तर मुंबईला! मॅडम ब्लावाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट, मुक्काम गिरगाव, त्यांचं मासिक त्याच वर्षी मुंबईतून सुरू झालं, मद्रासच्या अड्यारला गेले ते नंतर. म्हणजे आपल्याकडचं (ऐकीव, अर्धवट, मिसळलेलं) अध्यात्म बोटीने फिरत फिरत कॅनडाच्या बर्फावर जाऊन बसलं आणि तिथून "अस्सल कॅनडा" म्हणून बाहेर पडलं. २०१६ मध्ये त्याचं "माउंटन फॉर्म्स" १ कोटी १२ लाख कॅनडियन डॉलरला गेलं.

आपल्याकडे कुलूजवळ नग्गरला राहून हिमालय रंगवणारे निकोलस रोरिक, तेही त्याच मुशीतले. दोघांची शिखरं शेजारी ठेवा, भाऊ वाटतील.

---

पेन्सिलवाला

@उंटावरचा_शहाणा, वाचनखूण साठवली. तरी हॅरिस मला थंडच वाटतो. शिखरापेक्षा प्रवचन जास्त.

@घाटमाथा, तुमचं पटलं पण एक राहतंय. त्याच लेक सुपीरियरच्या भागातला नॉर्व्हल मॉरिसो, अनिशिनाबे (तिथले मूळ लोक) चित्रकार, १९६२ ला टोरांटोत त्याचं पहिलं प्रदर्शन. त्याच्या चित्रात क्षितिजच नाही. मासा, अस्वल, माणूस, पक्षी, सगळे जाड काळ्या रेषेने एकमेकांना जोडलेले, पोटात काय चाललंय ते पण दिसतं. म्हणजे त्याच प्रदेशाचं चित्र, पण लांब उभं राहून बघणारा कुणी नाहीच त्यात. लँडस्केप करायला बसलो की मी पहिली क्षितिजाची रेघ मारतो, चाळीस वर्षं मारतोय. मॉरिसो पाहिल्यावर पहिल्यांदा हात थांबला, की ही रेघ मारली म्हणजे मी त्या जागेच्या बाहेर जाऊन बसलो. नंतर मारलीच म्हणा, सवय.

---

पानगळ

कालपासून हा धागा कामात डोकं लागू देत नाहीये. यारानदी, नमाटजिराचं वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

मला हवं होतं ते उत्तर (उत्तर नाही, पण ज्याने बरं वाटलं ते) एका फोटोंच्या कामात सापडलं. जिन-मी यून, जन्म सोलचा, लहानपणी व्हँकुव्हरला आली. १९९६ मध्ये तिने व्हँकुव्हरच्या आर्ट गॅलरीत कोरियन समाजातल्या ६७ जणांना बोलावलं, आजोबा, शाळकरी पोरं, सगळे, आणि एकेकाला हॅरिसच्या मलीन लेकच्या चित्रासमोर उभं करून पासपोर्टसारखा फोटो काढला. मग एमिली कार या कॅनडियन चित्रकर्तीच्या एका चित्रासमोर, पण यावेळी पाठ आपल्याकडे. कामाचं नाव "अ ग्रुप ऑफ सिक्स्टी-सेव्हन".

नावातला विनोद आधी लक्षात येतो, ६७ चा दुसरा अर्थ नंतर. मी वर लिहिलं ना, १९६७ ला शंभरीची तिकिटं निघाली. त्याच वर्षी कॅनडाने इमिग्रेशनला पॉइंट सिस्टिम आणली, म्हणजे कुठल्या देशाचा यापेक्षा शिक्षण किती, भाषा येते का, यावर प्रवेश. तुम्हीआम्ही इथे आहोत ते त्या दारातून. एकाच वर्षी देशाने तिकिटावर रिकामं तळं छापलं आणि दार उघडून आपल्याला आत घेतलं.

ते फोटो बघताना मला कळलं की मला त्या चित्राचा राग येत नाहीये. घाटमाथा, तुमचं सगळं खरं आहे, आणि तरी मला ते झाड आवडतं, आणि आवडण्यात माझीही थोडी लबाडी आहे, कारण रिकाम्या जागेवर कुणालाच बाहेरचं म्हणता येत नाही ना! इथल्या एखाद्या जुन्या गावाच्या चित्रात, चर्च, पेठ, लोकांचे चेहरे, त्यात मी कुठे बसले असते? रिकामं तळं मला विचारत नाही तू कुठली. ज्याची जमीन गेली त्याला मात्र तेच रिकामेपण लागणार.

मागच्या रविवारी क्लाइनबर्गला मॅकमायकेल गॅलरीत जाऊन आले. थॉमसन टोरांटोत ज्या खोपटात राहायचा ते खोपटं उचलून तिथे आणून ठेवलंय. आणि आवारात ग्रुपमधल्या सहा जणांच्या समाध्या आहेत, साधे दगड, झाडीत. एका बाकावर एक पंजाबी आजी नि आजोबा डबा उघडून बसले होते, आजोबांनी विचारलं फोटो काढशील का बेटा, मागे पाईनची झाडं येऊ दे म्हणाले. काढला.

---

ऊनसावली

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला आले. आपल्याकडे असं एक चित्र का नाही हा विचार करतेय. १९०५ च्या बंगालच्या फाळणीच्या वेळी अवनींद्रनाथ टागोरांनी भारतमाता काढली, भगव्या वस्त्रातली, चार हातांत धान्याची लोंबी, पोथी, जपमाळ, वस्त्र. पायाशी थोडी कमळं, मागे जमीन म्हणावी असं काहीच नाही. पुढे तिच्यामागे नकाशा आला. म्हणजे आपला देश म्हणजे बाई किंवा नकाशा, डोंगर-नदी नव्हे. कदाचित इतके वेगवेगळे प्रदेश, कुठला एक डोंगर काढणार? हिमालय काढला तर कोकणातला माणूस म्हणेल आमचं काय.

निसर्गचित्रं होती हो, भरपूर. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाची काढलेली बघा, जे. जे. मध्ये शिकून आलेला माणूस एका तळ्याकाठी वर्षानुवर्षं बसतो. पण ते कोल्हापूरचंच राहिलं, त्याचा देश झाला नाही. मला ते बरंच वाटतं. माझं माहेर कोटितीर्थापासून जवळ, त्यामुळे पार्शालिटी आहे.

---

घाटमाथा

ऊनसावली, लिहीत राहा. आणि महाराष्ट्रापुरतं म्हणाल तर आपल्याकडे ते काम किल्ल्यांनी केलंय असं मला वाटतं. डोंगर दिसला की आपण आधी विचारतो वर किल्ला आहे का. नसला तर बघत पण नाही.

---

कटिंगचहा

गंभीर प्रतिसाद देतो म्हटलं होतं, तो आज घरीच मिळाला.

पोरगी पाचवीत. शाळेत निसर्गचित्र काढायला सांगितलं. मी मनात म्हटलं आता दोन डोंगर येणार. तिने खिडकीतून दिसतो तो मलंगगड काढला, चांगला काढला, सुळका वगैरे बरोबर, आणि त्याच्यापुढे नवीन टॉवरची क्रेन, आणि मोबाईलचा टॉवर, आणि गच्चीवरच्या काळ्या टाक्या. बाईंनी सांगितलं क्रेन आणि टाक्या खोडून टाक, तिथे झाडं काढ.

---

पानगळ

खोडल्या का?

---

कटिंगचहा

नाही. दहापैकी सहा मार्क. म्हणते आहेत ना पण त्या तिथे.

---

पेन्सिलवाला

फोटो टाका हो चित्राचा.

---

कटिंगचहा

वही बाईंकडे आहे, सोमवारी मिळेल.